संध्याकाळचं तुझं बोलणं

आई, तू विचारायचीस, "दिसभर खुर्चीत बसून करतीस काय गं?" आणि मी म्हणायचे, आम्ही चिपा बनवतो. तू म्हणायचीस, "बटाट्याच्या का?" आणि स्वतःच हसायचीस. तुला जाऊन कितीतरी वर्षं झाली. आज आमचं एक काम तडीला गेलं आणि ते तुला सांगावंसं वाटलं.

फोनमध्ये, संगणकात जे काही साठतं ते बारीक कप्प्यांत विजेच्या रूपानं राहतं. वापरून वापरून कप्पे झिजतात, वीज पाझरते, आणि वाचायला गेलं की मधले मधले आकडे चुकीचे येतात. म्हणून साठवतानाच सोबत थोडे जादा आकडे ठेवतात. त्यांच्या आधारानं चुकलेलं ओळखायचं आणि मूळचं पुन्हा जुळवायचं. हे जुळवणं लवकर कसं होईल, ते बघणं हे माझं काम. पहिल्यांदा सरळ वाचून बघतात. जुळलं तर ठीक. नाही जुळलं तर तेच पुन्हा, जरा वेगळ्या मापानं, मग आणखी वेगळ्या मापानं वाचायचं. यात वेळ जातो, आणि तिकडे माणूस फोनकडे बघत ताटकळतो.

तुझ्या अर्ध्या अंगावरून वारं गेलं तेव्हा मी नुकती हिंजवडीत नोकरीला लागले होते. त्याआधी तुझा आवाज काय होता! वरच्या खोल्यांतल्या भाडेकरू पोरांनी नळ उघडा टाकला की तू अंगणातून ओरडायचीस आणि मारुंजीच्या रस्त्यावरची माणसं वळून बघायची. तो आवाज राहिला, पण शब्दांची हाडं गेली. मी सुट्टी घेऊन घरी राहिले होते. स्वयंपाकघरात तू स्टुलावर बसलेली असतेस, मी चुलीपाशी, आणि तू म्हणतेस, "ई."

"मीठ?"

तू मान हलवतेस. नाही.

"पीठ? तीळ? परत म्हण बरं."

तू परत म्हणतेस. मी परत विचारते. शेवटी तू डाव्या हातानं ताटली ढकलून देतेस, ती फरशीवर गरगरत राहते, आणि तुझ्या डोळ्यांत पाणी येतं. आण्णा दारातून म्हणतात, "किती बोलाया लावतीस तिला? दमली ती."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. सकाळी तुझं बोलणं बऱ्यापैकी कळायचं, नुसतं ऐकलं तरी पुरे. दिवस कलला की जीभ जड व्हायची आणि नुसतं ऐकून काहीच हाती लागायचं नाही. मग संध्याकाळी मी शब्दांची वाट बघणंच सोडलं. आधी तुझी नजर कुठं आहे ते बघायचे, हात कुठं वळतोय, चुलीवर काय आहे, आणि मग ऐकायचे. एकदा तू "ई" म्हणालीस आणि मी सरळ उठून खिडकी लावली. बाहेर डास झाले होते. तू वाकड्या तोंडानं इतकी हसलीस, आणि म्हणालीस, "शाणी." तो शब्द मात्र अगदी स्वच्छ आला होता.

गेल्या वर्षी ऑफिसात आम्ही झिजलेल्या कप्प्यांचे आलेख बघत बसलो होतो. त्यांच्यावर पहिलं सरळ वाचन जवळजवळ दर वेळी फसत होतं, तरी आम्ही ते दर वेळी करत होतो. मी म्हणाले, "जे फसणार हे आपल्याला आधीच ठाऊक आहे, ते करायचंच कशाला? कप्पा किती थकलाय ते बघू आणि सुरुवातच वेगळ्या मापानं करू." पुढे महिनोन्‌महिने खपून ते बसवलं. आज शेवटची चाचणी झाली. वाट बघणं खरंच कमी झालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या प्रमुखानं विचारलं, "ये सूझा कैसे?" मी म्हणाले, घरी. आणि बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आले.

तिथून मी तशीच नेऱ्याला आपल्या घरी आले. आण्णांना जेवायला वाढलं आणि सगळं समजावून सांगितलं. त्यांनी घास हातातच धरून ऐकलं.

"म्हंजी मोडकंतोडकं आलं तरी तुला वळखता येतं?"

"व्हय. बऱ्याचदा."

"मग एक सांग." त्यांनी घास ताटात ठेवला. "पौडच्या दवाखान्यात, शेवटल्या दुपारी, ती काय म्हनली गं?"

त्या दुपारी तू दोनदा म्हणाली होतीस, "अई… आ." तुझे डोळे मिटलेले होते आणि हात चादरीवर नुसता पडला होता. बघायला काही नव्हतंच. मी कानाशी वाकून म्हणाले, "परत म्हण ना, आई." तू परत म्हणाली नाहीस.

"मला 'घरी न्या' आयकू आलं," आण्णा म्हणाले. "आन् मी न्हाई नेली. तवापास्नं त्येच कानात हाय."

इतकी वर्षं माझा बाप हे घेऊन एकटा झोपत होता, आणि आम्हाला कुणाला ठाऊक नव्हतं.

मी म्हणाले, "न्हाई आण्णा. 'बरी हाय' म्हनली ती."

"नक्की?"

"नक्की."

 त्यांनी पंच्यानं तोंड पुसलं. "आसंल," म्हणाले. "आजारपनात बी दुसऱ्याला सांगायची, बरी हाय म्हनून." आणि त्यांनी भाकरी मोडली.

आई, आमच्या कामात जुळवलेलं उत्तर चुकीचं असून बरोबर म्हणून पुढे जाऊ नये, यासाठी शेवटी एक वेगळी तपासणी असते. इथं कसली तपासणी करणार? मी तुझे ते दोन आवाज 'घरी न्या' आणि 'बरी हाय', दोन्हींना लावून बघितलेत. दोन्ही बसतात. मला तेव्हा कळलं नव्हतं आणि आजही कळलेलं नाही. हे लिहिलेलं मी नेऱ्याच्या घरात ठेवणार नाही. आण्णांना वाचता येतं.