मोई नदीतलं वाळूचं बेट

बाबा, तुमचा धाकटा परदेशात एका नदीकाठी अडकला आणि त्याला काय सांगावं हे विचारायला मला कुणी नव्हतं. तुम्ही गेलात तेव्हा तो कॉलेजात होता. पुढे अंधेरीच्या एका कॉल सेंटरला लागला, ते बंद पडलं, आणि ओळखीतल्या कुणीतरी बँकॉकची नोकरी दाखवली. तिथे उतरल्यावर त्याला गाडीत घातलं ते थेट सीमेवर, तिथून होडीने मोई नदी ओलांडून म्यानमारात. उंच भिंतींच्या आत देशोदेशीची पोरं बसवलेली, फोनवरून लोकांना फसवायचं काम, नाही म्हटलं की मार. त्याने चोरून केलेल्या पहिल्या फोनवर हे सगळं भराभर सांगितलं आणि म्हणाला, आईला कळू देऊ नकोस. जिथे जिथे सांगता येईल तिथे मी जाऊन सांगितलं. सगळे सभ्यपणे ऐकून घेतात. त्या काठावर तिथल्या सरकारचंही चालत नाही, म्हणतात.

मग मी घाटकोपरच्या ऑफिसात डबा बाजूला ठेवून नकाशा उघडून बसायला लागले. थायलंडच्या बहुतेक नद्या दक्षिणेला जातात, ही मोई उत्तरेला वाहत जाऊन साल्वीन नदीला मिळते. नकाशात तिच्यावर सीमेची बारीक रेघ आहे, पण उपग्रहाच्या फोटोत नदी त्या रेघेवर नाहीच. दर पावसाळ्यात ती एका काठाची जमीन कापते, दुसरीकडे गाळ टाकते, आणि त्या नव्या जमिनीवर दोन्ही देश हक्क सांगतात.

तुम्हाला आठवतं का, मुलुंडच्या घरी धाकट्याने नकाशाच्या वहीत नदीच्या मधोमध लाल पेन्सिलीने सीमा काढली होती? तुम्ही शाळेत शिकवून आलेले, अजून शर्टही बदललेला नाही, आणि वही बघून म्हणालात, "पाण्यावर रेघ राहते का रे?" त्याचा चेहरा पडला. मग तुम्ही आईची परात ओट्यावर घेतली, तिच्यात वाळू थापली, बोटाने नागमोडी चर काढला आणि तांब्यातून धार सोडली. आई कुरकुरतेय, कणीक कशात भिजवू म्हणून. आम्ही दोघं वाकून बघतोय. वळणाची बाहेरची कड ढासळते, आतल्या बाजूला वाळू साचते. तुम्ही सांगताय, नदी ओलांडायची तर वळणावर कधीच नाही, दोन वळणांच्या मधे, तिथे पाणी पसरतं आणि उथळ होतं.

त्याचा शेवटचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात होते. "ताई, उद्या पहाटे निघतोय आम्ही काही जण. बाबांनी परातीत दाखवलं होतं ना गं, कुठून उतरायचं? मला काही आठवत नाहीये."

त्याला पोहता येत नाही, बाबा. जाऊ नकोस म्हणावं असं तोंडाशी आलं होतं. पण तिथेच राहा, हे तरी कसं म्हणणार?

"दोन वळणांच्या मधे," मी म्हणाले. "पाणी पसरट दिसेल तिथून."

"पक्कं ना?"

"बाबांनी सांगितलंय."

फोन बंद झाला. 

दुसऱ्या दिवशी एक अनोळखी फोन आला. थायलंडच्या काठावर अशा पोरांना मदत करणारा एक नेपाळी माणूस, धाकट्याने त्याला माझा नंबर दिलेला, हिंदीत सांगत होता की पोरं उतरली, पाणी कमरेपर्यंतच लागलं, पण मधे वाळूचं बेट आहे आणि बेटापलीकडची धार खोल निघाली. ते बेट कुणाचं यावर दोन्ही देशांचा वाद आहे. अलीकडचे थाई सैनिक हाताने थांबा म्हणत होते, पलीकडचे बंदुका रोखून उभे होते. बेटावर पाऊल टाकेल त्याने घुसखोरी केली असं दुसरा म्हणणार, म्हणून कुणीच जाईना. पोरं दिवसभर उन्हात वाळूवर बसून होती. "तुमचा भाऊ मधेमधे हात हलवतो," तो म्हणाला.

आज सकाळी त्या नेपाळी माणसाचा पुन्हा फोन आला. पहाटे नदीवर दाट धुकं होतं. त्याने होडीच्या इंजिनाचा आवाज ऐकला, थोडी आरडाओरड ऐकली. धुकं निवळलं तेव्हा बेट रिकामं होतं. होडी कुठल्या काठाची होती, मी विचारलं. तो म्हणाला, बहनजी, पता नहीं.

घरी आले तर नाहूरच्या या घरात आई दारातच उभी. माझं तोंड बघून तिने विचारलं, आणि मला सगळं सांगावंच लागलं. ते बेट, ते धुकं, ती होडी. आता ती देवापुढे बसली आहे, आणि मी स्वयंपाकघरात बसून हे लिहितेय. लिहून झालं की फाडून टाकणार आहे, तिच्या हाती लागता कामा नये. होडी थायलंडची होती, असं मी तिला सांगितलंय.