कान ठणठणीत आहेत

सोलापूर

ती. अक्का,

इथूनच पाया पडतो. महेश्वरला ऐकू येईनासं झालंय, असं तुझ्या कानावर आलं असेल, तर घाबरू नकोस. फोन कंपनीचा आहे, म्हणून कागदावर लिहितोय.

आमच्या गोदामातली पार्सल वाटणारी मंडळी युनियन काढतायत. परवा मागच्या बोळात त्यांची बैठक झाली. दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, "महेश्वर, तू तर आवाजावरून गाडी ओळखतोस. कोणकोण आलं होतं? नावं दे."

यशपालची गाडी खोकते, प्रतीक्षाच्या स्कूटीचं मडगार्ड वाजतं. अठराच्या अठरा गाड्या मी ओळखल्या होत्या. पण सुपरवायझर व्हायच्या आधी आठ वर्षं मीही सायकलवर पार्सलंच वाटलीत ना.

म्हटलं, "साहेब, हल्ली कमी ऐकू येतं."

"मग सुपरवायझर कसा राहशील?"

"काय म्हणालात?"

तुझी कंबर कशी आहे? कडक भाकरी पोचली, सगळ्यांनी मिळून संपवली. नोकरी राहिली तर पाडव्याला येतो, नाही राहिली तर त्याआधीच.

आज यशपाल कानाशी येऊन ओरडला, "काका, युनियनच्या अर्जावर समद्यांच्या सह्या झाल्या!"

म्हटलं, "हळू बोल की लेका. बहिरा मी हाय, साहेब न्हाय."

तुझ्या हातचं खाऊन वाढलेला,
महेश्वर