हे तोंड काढायचं कसं

३ जानेवारी

बाथरूममधला आरसा काढून खिडकीजवळच्या टेबलावर टेकवला. शुभा म्हणाली, "आता दाढी कुठे करणार?" म्हटलं, चित्र होईपर्यंत करणारच नाही!

शाळेत चित्रकलेचा नवा वर्ग बांधलाय. तिथे माझं चित्र लावणार. माझा जुना विद्यार्थी सुबोध सगळं बघतोय. फोनवर म्हणाला, "सर, फोटो नको. तुम्हीच तुम्हाला काढा. झकास होईल!"

बत्तीस वर्षं पोरांना नाक-डोळे शिकवले. स्वतःचं तोंड एकदाही काढलं नाही.

५ जानेवारी

शी! तासभर बघवत नाही. डोळ्यांखाली पिशव्या. नाकातून केस. खालचा ओठ लोंबतोय, ओला. हनुवटीखाली कातडं जुन्या पायमोज्यासारखं. हे तोंड घेऊन मी भांडुपभर फिरतो, लोक 'नमस्कार सर' म्हणतात!

९ जानेवारी

शुभा चहा घेऊन आली. चित्र बघितलं. "हे कोण? तुमचा धाकटा भाऊ?"

चिडलो. ती गेल्यावर नीट पाहिलं. खरंच की. पिशव्या गेल्या, हनुवटी ताठ, रंग दोन छटा उजळ. मुद्दाम नव्हतं केलं! ब्रशच खोटं बोलत होता. सुरीने सगळं खरवडून टाकलं. बोटांना तेल, नखांत रंग. किळस आली.

१२ जानेवारी

आज त्वचेचा रंग मिसळायला बसलो. मी सावळा. सावळा कसला, काळाच म्हणा. तपकिरी लागणार हे दिसतंय, तरी हात सारखा पांढऱ्या ट्यूबकडे. तीनदा पॅलेट पुसलं. तीनदा तेच.

आणि मग आठवलं. कुठून आलं कोण जाणे.

नव्व्याण्णव साल, आठवी ब. 'आरशात बघून स्वतःचं चित्र काढून आणा' असा गृहपाठ दिला होता. भीमराजने जलरंगात काढून आणलं होतं. मी ते वर्गासमोर धरलं आणि म्हणालो, "एवढे रंग कशाला वाया घालवलेस? चुलीतला कोळसा घ्यायचास, झालं!"

वर्ग हसला. सगळ्यात जास्त मी हसलो. दहावीपर्यंत पोरं त्याला 'कोळसा'च म्हणायची. हजेरी घेताना मीही एकदोनदा म्हणालो असेन.

चित्र चांगलं होतं. वर्गातलं सगळ्यात चांगलं. आणि ते मला तेव्हाही कळलं होतं. हे आजवर कुणाला सांगितलं नाही. या वहीलाही नाही.

१३ जानेवारी

आरसा उलटा करून ठेवला.

१६ जानेवारी

सुबोधला भीमराजचा नंबर विचारला. "कोण, कोळसा? घाटकोपरला नंबरप्लेटचं दुकान आहे त्याचं. आपल्या ग्रुपवर येतच नाही, सर. भाव खातो."

मी ओरडलो, "भीमराज नाव आहे त्याचं!"

ओरडणारा मी कोण? शब्द कुणाचा होता?

१९ जानेवारी

जाऊन आलो. गाळा एवढासा. मोटरसायकलच्या नंबरप्लेटवर तो अक्षरं चिकटवत होता. केस पिकलेत. मला लगेच ओळखलं. "सर? बसा ना." स्टूल पुसून दिलं. त्या पुसण्याने मला जास्तच लाज वाटली.

सगळं बोललो. शाळेचं, चित्राचं, आठवी ब चं. त्याने अक्षर सरळ केलं, अंगठ्याने दाबलं.

"मला आठवतंय, सर. तुम्हाला आठवतंय, हेच नवल."

"चुकलो रे मी. माफी मागायला आलोय."

"माफी मागायला आलात, की चित्र अडलंय म्हणून आलात?"

त्याने चहा मागवला. मी प्यायलो. त्याचा कप तसाच राहिला.

"त्या वर्षी चित्रकलेच्या एलिमेंटरीचा फॉर्म भरला होता मी," म्हणाला. "परीक्षेला बसलो नाय. आईला सांगितलं, पोटात दुखतंय. बस, एवढंच. आता माफ-बिफ काय करायचं?"

निघताना पायरीपर्यंत आला. "चित्र लावा, नका लावू, तुमची मर्जी. पण माझं नाव घेऊन तिकडे भाषण करू नका."

२० जानेवारी

त्या भाषणाची पहिली दोन वाक्यं मी जाताना रिक्षात जुळवली होती. 'आज मला माझ्या एका विद्यार्थ्याची जाहीर माफी मागायची आहे.' टाळ्या कुठे पडतील तेही ठरलं होतं.

थू!

२३ जानेवारी

चित्र झालं. पिशव्या, ओठ, लोंबतं कातडं, सगळं आहे. रंगही माझाच. पांढऱ्या ट्यूबला फक्त दाढीसाठी हात लावला.

सुबोधला कळवलं, चित्र देणार नाही. तो रडकुंडीला आला. "सर, वाट लागली! पत्रिकेत छापलंय यार!" पुढे घाईघाईने, "सॉरी सर."

छापलं तर छापलं. पण मनातून बरं वाटतंय. बऱ्याच दिवसांनी नीट जेवलो. शुभा चित्रासमोर कितीतरी वेळ उभी होती.

२४ जानेवारी

सकाळी भाजी निवडताना शुभाने विचारलं, "भीमराजकडे गेलात, बरं केलंत. श्रुतिकाकडे कधी जाणार?"

मुलीकडे? ती बोरिवलीला असते. चार वर्षं इकडे फिरकलेली नाही, जावयाच्या नोकरीमुळे. म्हटलं, तिला मी काय केलंय?

शुभाने वर पाहिलंच नाही. "तुमच्या रंगावर गेली ना ती. सात वर्षांची असताना मोरीत बसून काथ्याने गाल घासत होती. रक्त येईपर्यंत. तेव्हा दारात उभं राहून तुम्ही काय म्हणालात, आठवतंय?"

नाही आठवत. देवाशप्पथ, एक अक्षर आठवत नाही.