ट्रंकेत ठेवायचा फोटो

गोटेनबर्ग, स्वीडन
७ डिसेंबर १९५४

जुलेखा, तुला सलाम आणि अजराला खूप दुआ.

आमची बोट इथे दुरुस्तीला थांबली आहे. मी ठीक आहे. थोडा खोकला आहे, तो इथल्या थंडीचा. दुपारी चारच्या आधीच काळोख पडतो. अम्माचे गुडघे कसे आहेत? नारळ उतरवून घेतलेस का?

रविवारी आम्ही खलाशी सिनेमाला गेलो. एक जाडा नट सारखा चिखलात पडत होता. मी मोठ्याने हसलो, पण बाकी कोणीच हसेना. पुढची बाई तर रडत होती. बाहेर आल्यावर गोदीतल्या सुताराने सांगितले, तो नट मंगळवारीच वारला. वय सेहेचाळीस, माझ्याहून एका वर्षाने मोठा. मला फार शरम वाटली. पण त्या बाईला तो पुन्हा चालताना तरी दिसला.

तू तीनदा फोटो मागितलास. घरात तसबीर अम्माला चालणार नाही, असे मीच दरवेळी लिहिले. काल उसना कोट घालून एक काढून घेतला, सोबत आहे. भिंतीवर लावू नकोस. ट्रंकेत कपड्यांखाली ठेव.

गाल बसलेले दिसतात, ते दिव्यामुळे. सोमवारी पुन्हा डॉक्टरकडे बोलावले आहे. अम्माला हे वाचून दाखवू नकोस.

मी निघालो तेव्हा अजरा पाळण्यात होती. तिला फोटो दाखव. फोटोवाल्याने सांगूनही मला हसायला जमले नाही. तिला सांग, तुझा बाप असा गप्प नसतो, भरल्या थिएटरात एकटाच हसला होता.

घराच्या वाटेकडे डोळे लावून,
दाऊद