थोरलीचे शेंडे

३ मार्च

चि. सोन्यास,
अ. उ. आ.

लहानपणी झुरळ दिसलं की माझ्या पाठीमागे लपणारा माझा भाऊ आता प्रयोगशाळेत किडे बघायचा पगार घेतो, हे रोपवाटिकेत कुणाला खरं वाटत नाही. पण आज चेष्टा पुरे. थोरली आजारी आहे. आपण संत्र्याची सगळी कलमं जिच्या फांद्यांवरून घेतो, तीच. पानं अर्धी पिवळी, अर्धी हिरवी. फळं एका अंगाने वाकडी आणि कडू. कोवळ्या फुटीवर शेपूट वर करून बसलेले बारीक तपकिरी किडे आहेत. अण्णा म्हणतात खत कमी पडलं, आणि पाटीवर पाटी ओततात. सोबत पानं पाठवलीत. लवकर कळव.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
ताई

११ मार्च

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

भीती होती तेच निघालं. हा रोग ते किडेच पसरवतात आणि त्यावर औषध नाही. आधी फवारणी करा, मग थोरली मुळासकट काढावी लागेल. यंदाची कलमंही विकू नका. अण्णांना तूच सांग. मी सांगितलं तर शहाणपणा शिकवतो म्हणतील.

एक वाट आहे. शेंड्याच्या अगदी टोकापर्यंत रोग बहुधा पोचलेला नसतो. ते टोक, मोहरीहून लहान, सूक्ष्मदर्शकाखाली कापून निरोगी रोपावर बसवता येतं. बरीच मरतात, एखादं जगतं. कोवळे शेंडे ओल्या कापडात गुंडाळून पाठव.

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
तुझा सोन्या

२२ मार्च

चि. सोन्यास,
अ. उ. आ.

ऐकल्यावर अण्णा ताटावरून उठले आणि झाडाखाली जाऊन बसले. सकाळी त्यांनीच शेंडे निवडून दिले आणि करवत मागितली. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. मग आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून, आपली कलमं नेलेल्यांच्या घरोघरी गेले. झाडं तपासून घ्या, रोग माझ्याकडून आला असेल, असं सांगत. मी म्हटलं, आपलं नाव जाईल. ते म्हणाले, नाव पुन्हा मिळवू. लोकांच्या बागा कुठून आणू? काहींनी त्यांना नको नको ते सुनावलं. शेंडे पोचले का?

काळजीत,
ताई

१४ डिसेंबर

ति. अण्णांस,
सा. न. वि. वि.

एक रोप जगलं. पुन्हा पुन्हा तपासलं. रोगाचा मागमूस नाही. मात्र ते उघड्यावर लावायचं नाही, बारीक जाळीच्या घरातच वाढवायचं. निकाल हातात आला तेव्हा मी खुर्चीवर चढून ओरडलो, साहेब धावत आले.

आशीर्वाद असू द्या.
तुमचा सोन्या

२१ डिसेंबर

चि. सोन्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ताईने सगळ्या कामगारांना वाचून दाखवलं, मला वाटतं कुत्र्यालासुद्धा. जाळीघर उभं केलंय. एकामागे एक दोन दारं, चिलटसुद्धा शिरायचं नाही. रोप न्यायला मीच येतो.

पलीकडचा लिंबूवाला ज्यावरून कलमं घेतो, त्या झाडालाही तोच रोग निघाला. मला सर्वांत जास्त बोलला होता तो हाच. काल दारात येऊन उभा राहिला. मीच म्हटलं, शेंडे काढून दे, माझा मुलगा आहे तिथे, तो बघेल. तुला न विचारताच शब्द देऊन बसलो. सांभाळून घे. शेंडे बरोबर आणतो.

तुझे अण्णा