पाठीमागचा केर

२ फेब्रुवारी, सोमवार

साताऱ्यात आलो एकदाचा! संयोगिताताई घरसफाईची कामं घेतात. त्यांच्याच घरामागची जिन्याखालची खोली मला दिली. खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो. ही वही पण ताईंनीच दिली, कुठल्या घरात काय केलं, काय सामान संपलं ते लिहायला. मी म्हटलं, ताई, मी आठवीतून शाळा सोडलेला माणूस. तर म्हणाल्या, मग आठवीपर्यंतचं तरी लिही.

ही माझी पाचवी नोकरी. लुधियानात भाऊसोंच्या गलाईच्या दुकानात दोन वर्षं सोनं गाळलं, मग पळालो. कुपवाडचा कारखाना, हैदराबाद, पुन्हा कुपवाड. आई म्हणते पायाला भिंगरी हाय तुझ्या. ह्या वेळी टिकायचं. टिकलो की आईला इथं आणायचं. विट्याच्या पुढं त्या उन्हात एकटी किती दिवस ठेवू?

पोचल्या पोचल्या तिला फोन केला. म्हणाली, पोचलास न्हवं? मग आता झाडू मारते, सकाळधरनं घर तसंच हाय. आमच्याकडं माणूस गावाला निघालं की लगेच केर काढत नाहीत. तसा केर मयत उचलल्यावर काढतात. पोचल्याचं कळलं की मग. मी लय हसलो. ती नाही हसली.

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज सामान जुळवलं. ताईंचा नियम एकच: सगळं एका हातात मावलं पाहिजे, दुसरा हात बेल दाबायला मोकळा. म्हणून झाकणाची बादली घेतली. आत दोन फवाऱ्याच्या बाटल्या, एकीत साबणाचं पाणी, एकीत व्हिनेगर, ते काचेला. फिनेल छोट्या बाटलीत ओतलं, नाहीतर चौथ्या मजल्यापर्यंत हात खांद्यातून निखळायचा. खायचा सोडा, तारेची घासणी, कोपऱ्यांना जुना टूथब्रश, रंगाचे डाग खरवडायला पत्ती. लाल फडकं संडास-बाथरूमला, निळं काचेला. लादीला आईच्या जुन्या लुगड्याची दोन फडकी. असलं मऊ कापड दुकानात मिळत नाही. केरसुणी आखूड, तिला सुपली बांधली आणि कडीला अडकवली.

एक गोष्ट माझ्या डोक्यातली. मांजरपाटाची पिशवी, केरासाठी. गलाईत केर टाकत नाहीत, त्यात सोन्याचा कण असतो. भाऊसोंनी दोन गोष्टी शिकवल्या: केर टाकायचा नाही, आणि दोन गिऱ्हाइकांचा केर एकात मिसळायचा नाही. कुणाच्या कुड्याची फिरकी केरात गेली तर मी सवडीनं चाळून परत देईन. ताई म्हणाल्या, डोकं हाय रं तुला!

पण घराघराला वेगळी पिशवी म्हणजे ओझंच. एकच ठेवली.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

पहिलं घर, उदयसिंह सुभेदारांचं. रिटायर माणूस, मिशा अजून ड्युटीवर. त्यांच्या बाईसाहेब नऊला सांगलीला लेकीकडं निघाल्या, मी सव्वानऊला पोचलो. सुभेदार म्हणाले, जवान, चहा घे, ती पोचू दे, मग झाड. फौजेत मी असलं मानलं नाही, पण घरात तिचा हुकूम चालतो. मी म्हटलं, साहेब, अकराला दुसरं घर आहे. मग त्यांनीच पलंग सरकवून दिला.

पलंगाखाली पिकलेले केस निघाले, आणि हिरव्या बांगडीचा नखाएवढा तुकडा. पिशवीत टाकला. घर असं चमकलं की सुभेदारांनी मला सलाम ठोकला!

१० फेब्रुवारी, मंगळवार

एमआयडीसीतला विश्वजित खोली सोडून कुपवाडला नव्या कामावर निघाला. गाडीवरनं हात केला, म्हणाला, गड्या, माझी घाण तुझ्या गळ्यात! त्याची गाडी वळणावर जायच्या आत निम्मी खोली झाडून झाली होती.

दुपारी सुभेदार ताईंकडं आले. बाईसाहेब सांगलीला पोचल्याच नाहीत. बॅग एसटीच्या सीटवर सापडली, त्या नाहीत. पोलिसात दिलंय. बोलता बोलता माझ्या केरसुणीकडं बघत राहिले. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

विश्वजित पण पोचला नाही. गाडी हायवेच्या कडेला स्टँडवर उभी, किल्ली तशीच, इंडिकेटर चालू.

पिशवी उघडली. नखाएवढा तुकडा टाकला होता मी. हाताला अख्खी बांगडी लागली. कुठं जोड नाही. गरम होती, आत्ता हातातनं काढल्यासारखी.

गाठ मारून ठेवली. ताईंना काय सांगू? ताईंनी काम काढून घेतलं तर आईला कशी आणू? शनिवारी ती येतेय.

ह्यापुढं माणूस पोचल्याशिवाय झाडायचं नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

आई आली! बाजरीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, आणि एसटीत सगळ्यांना सांगून आली की पोरगा साताऱ्यात सायेब झालाय. बादलीतलं सगळं बाहेर काढून बघितलं. लुगड्याची फडकी ओळखली, म्हणाली, तुझ्या बारशाचं हाय रं हे, आता लोकांच्या फरश्या पुसतंय. मग हसली. बादलीच्या कडीला चिंधी गुंडाळून दिली, हाताला रुतू नये म्हणून. चिंधी पण त्याच लुगड्याची.

दोन दिवस पिशवीची आठवण सुद्धा नको.

१६ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी भाकरी थापून सातला निघाली. स्टँडवर सोडतो म्हटलं, तर म्हणाली, कामाला जा, रिक्षा हाय की. दारातनं परत वळली. पीठ सांडलंय, असू दे, मी पोचले की फोन करते, मग झाड.

मग वरनं ताईंची हाक, आठचं घर आहे म्हणून. मी बादली भरायला लागलो. बाटल्या, फडकी, सोडा. पायाखाली पीठ. माझं ध्यान नव्हतं. हात आपोआप—

सुपलीत पीठ होतं. पिठात तिच्या टाचेचा ठसा, अर्धा पुसलेला. पिशवीत टाकल्यावर मला कळलं.

पळत स्टँडवर गेलो. गाडी गेलेली. फोन वाजतोय, उचलत नाही.

दुपारी गावाकडनं, आमच्या शेजारच्या शालूबाईंचा फोन. कंडक्टरनं आईचं गाठोडं उतरवून दिलं. आई न्हाई रं उतरली, लेकरा.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

पिशवी ओतली. सगळी. फरशीवर पसरली, होती तशी, जणू झाडलंच नाही. कामाला गेलो नाही. उंबऱ्यात बसलो.

बाराच्या उन्हात दिसलं. पिठात पावलं. दारापासनं चुलीपर्यंत— स्टोव्हपर्यंत. अनवाणी. डाव्या करंगळीला भेग. आईचीच.

आत गेलेली. परत नाहीत.

१८ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी गावाकडनं शालूबाईंचा फोन. तुमचं दार उघडं हाय म्हणाल्या. आत चुलीपाशी कोणतरी पाठमोरं बसलंय. आईच वाटते. हाक मारली, बोलत नाही. हातात हिरव्या बांगड्या हायत, भरून.

वडील जाऊन बारा वर्षं झाली. आईच्या हातात बांगडी नाही.

भाऊसोंनी सांगितलं होतं. एकात मिसळायचा नाही. तिघांचा केर मी एका—

कशीही असू दे. माझी आई आहे. निघालो. ताईंना आई सापडत नाही, गावाला जातो, एवढंच बोललो. खोलीला कुलूप.

गाडीत. अक्षर हलतंय.

आत्ता ताईंचा फोन. म्हणाल्या, आई सापडल, धीर धर. आणि खोलीचं बघू नको. माझ्याकडं दुसरी किल्ली हाय. किती केर केलावतास रं? तू कोपऱ्यावर गेलास तसं मी सगळं लख्ख झाडून, धुऊन—

शालूबाईंना लावला. आत कोण न्हाई म्हणतात. चूल गार.

कंडक्टर पुढं गेला. तिकीट विचारलं नाही.

शेजारच्या बाईनं तिची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. सीट रिकामी असल्यासारखी. मी आवं मावशी म्हटलं. तिनं बघितलं नाही—

पिशवीचं वजन लागत नाही

आई, पोचलो की तुला फो