राखणीला दिलेलं नाव

भाट्ये, रत्नागिरी
९ डिसेंबर २०२४

प्रिय सावनीताई,

सप्रेम नमस्कार. मी खुशाल आहे, आणि या वेळी हे नुसतं रीत म्हणून लिहीत नाही. तुमच्या भावाला तुमचा फोन चाळायची सवय, म्हणून हेही पत्र तुमच्या शाळेच्या पत्त्यावर टाकते.

होमस्टेमधलं काम बरं चाललंय. पाहुण्यांना समुद्र दिसायला हवा असतो, ऐकायला नको. गाजेनं झोप लागत नाही म्हणतात. मला तर मेल्यासारखी झोप लागायची.

एक सांगायचं राहिलं. एकट्या बाईला खोली कोण देतंय, म्हणून घरमालकीण हेमाकाकूंना मी थाप मारली, मिस्टर मागाहून येताहेत. त्यांनी भाबडेपणाने वाडीच्या राखणदाराला, म्हणजे इथल्या जागेच्या देवाला, नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं: तेजस्वी आणि वरद, दोघांनाही तुझ्या राखणीत घे, आवाराबाहेर जाऊ देऊ नको. मला हसू आवरेना.

त्या दिवसापासून दिवेलागणीला कोणीतरी पायरीवर येऊन बसतं. मासेवाली चिमा दोघांपुरते बांगडे देऊ लागली. तुझा घो कुणाशी बोलत नाय गो, म्हणाली. मी दार किलकिलं करून पाहिलं. वरदचीच पाठ, चौकड्याचा शर्ट. कडी लावून घेतली. पण त्याने दाराला हातही लावला नाही.

परवा तुमचं पत्र आलं. संध्याकाळ झाली की वरद बसल्या जागी झोपतो, हलवलं तरी सकाळपर्यंत उठत नाही, डॉक्टरांना काही सापडत नाही. वाचून मी घाबरले आणि काकूंना सगळं खरं सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत.

"नाव तू दिलंस. आता तूच नारळ ठेवून सांग, हा माझ्यात नाही म्हणून. तोवर राखणदार सोडायचा नाही हो त्याला."

काल नारळ घेऊन गेलेही. तिथे उभी राहिले आणि मनात आलं, जागा झाला की तो पहिल्यांदा काय करेल? माझा खांदा अजून वर होत नाही, ताई. मला त्याच्या हातून सोडवून एस्टीत बसवलंत ते तुम्हीच.

तशीच परतले. नारळ खवून आमटीला लावला.

तुमचा सख्खा भाऊ आहे, माझ्यावर खुशाल रागवा. पण खरं सांगा, हल्ली संध्याकाळी घर किती शांत असतं? मी कोणाला काही सांगणार नाही. तुम्हीही त्याला हाका मारू नका.

आज तो दुपारीच येऊन बसलाय.

अजूनही तुमची भावजय,
तेजस्वी